शनिवारची चोरफेरी

देवासला मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घराच्या दाराला घंटी होती, पण ती वाजवून उपयोग नव्हता. घंटी वाजली की आतून आवाज यायचा, "कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? मी तर सगळेच असतात."

मग पूर्ण नाव सांगायचं, वडिलांच्या नावासकट. मग दुसरा प्रश्न, "कुणाकडे?" आणि तिसरा, "कशासाठी?" तिन्ही उत्तरं पटली की कडी सरकायची. दूधवाल्याला हे रोज सकाळी करावं लागे. तो बिचारा मालवी माणूस, "अरे काका, दूध हे, दूध!" म्हणून ओरडायचा, तर आतून शांतपणे, "दूध स्वतः चालत आलं का?" काकू टेकरीवरून देवीचं दर्शन घेऊन परतल्या की त्याही प्रसादाचा नारळ हातात धरून उभ्या. "कोण?" "तुमची बायको." "कुणाकडे?" "तुमच्याकडेच." "कशासाठी?" "आता काय सांगू, नाइलाजाने." कडी उघडायची.

आमच्या गावात नोटा छापतात. तिथल्या फाटकावरही एवढी चौकशी होत नसावी असं मी मित्रांना सांगायचो आणि ते हसायचे. हसण्याची हौस मला त्या वयात फार होती. दुसऱ्याला, अर्थात.

काका म्हणजे आमचे घरमालक, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेले सुपरवायझर. सुरुवातीची वर्षं नालछ्याला काढलेली, मांडूच्या रस्त्यावर, एका खोलीच्या एक्सचेंजमध्ये. "नालछ्याला पंचवीस कनेक्शनं होती," ते म्हणायचे, "आणि पंचवीसही माणसं मी श्वासावरून ओळखायचो. नुसता उचलून ठेवला तरी सांगेन, पाटलाच्या घरचा आहे आणि दमा वाढलाय."

मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. इंदूरहून कसलासा डिप्लोमा घेतलेला, आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षं झाली होती. देवासच्या इंडस्ट्रियल एरियात पाच माणसांची एक कंपनी होती, तिथे मी इंजिनिअर. काम नवीन होतं: कारखान्यांसाठी इंटरनेटवरून चालणारं टेलिफोन एक्सचेंज बसवायचं. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक कारखाना, ज्याचं एक युनिट देवासला आणि एक धारला. इथला माणूस तिथल्या माणसाशी बोलणार, पण आवाज जाणार इंटरनेटच्या लाइनीवरून. एका कपाटाएवढ्या एक्सचेंजचं काम एक कॉम्प्युटर करणार. तो कॉम्प्युटर मी चालवायचो, म्हणजे माझ्या मते धार आणि देवास ही दोन्ही संस्थानं आता माझ्या ताब्यात आली होती.

कंपनीचे मालक हुशार. त्यांनी काकांनाही सल्लागार म्हणून ठेवलं. मला ते मुळीच आवडलं नाही. तबकडीच्या टेलिफोनच्या जमान्यातला माणूस मला काय सांगणार? मी मालकांना म्हणालोसुद्धा, "भिया, काका को पासवर्ड का पी भी नहीं पता." मालक म्हणाले, "तेरे को ताले का त पता है क्या?"

ताल्याचा त काकांनी मला घरीच शिकवला. त्यांच्या बैठकीत काळा, जड टेलिफोन होता, आणि त्याच्या तबकडीला छोटंसं कुलूप. किल्ली जानव्याला. मी एकदा माझ्या पासवर्डची फुशारकी मारत होतो, अमुक इतकी अक्षरं, त्यात आकडे, त्यात चिन्हं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा फोन लाव बरं तुझ्या ऑफिसात." मी म्हटलं, कुलूप आहे. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि ज्या खटक्यावर रिसीव्हर ठेवतात तो बोटाने टकटक दाबायला लागले. तीन वेळा टक, थांबले, पाच वेळा टक, थांबले. असा अख्खा नंबर त्यांनी टकटक करून लावला. पलीकडे मालक बोलले, "हां, कौन?"

"कुलूप तबकडीला आहे," काका म्हणाले, "टेलिफोनला नाही."

मी वर जाऊन माझ्या फ्रेमकडे बराच वेळ बघत बसलो.

ऑफिसात आल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे एक लांबट वही आणली आणि तिच्यावर लिहिलं, "चोरफेरी". नियम असा: आठवडाभरात मी जी काही नवी सोय एक्सचेंजमध्ये घालीन, ती शनिवारी काका चोर होऊन तपासणार. त्यासाठी त्यांच्याकडे एक माकडटोपी होती. ती घालून ते समोरच्या पीसीओत जायचे, आमच्या एक्सचेंजला बाहेरून फोन लावायचे आणि आत शिरायला कुठे फट आहे ते बघायचे. हे करताना तोंडावर रुमाल धरायचे, आवाज ओळखू नये म्हणून. मी म्हटलं, "काका, समोर मशीन आहे. तुम्ही नुसती बटणं दाबताय. तिला आवाज ऐकू येत नाही." ते म्हणाले, "चोराने चोरासारखं वागावं. नाही तर त्याला सुचत नाही."

आणि त्यांना सुचायचं, हे दुर्दैव माझं. मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं की बाहेरून फोन करणाऱ्याने बटणं दाबून धारच्या मॅनेजरचा नंबर दिला की तो मॅनेजरच समजायचा. काकांनी पहिल्याच शनिवारी पीसीओतून तो नंबर दाबला आणि मशीनने मान डोलावली. "नंबर म्हणजे माणसाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट," ते म्हणाले. "सोयरीक जमवताना आपण मुलाच्याच तोंडून मुलाची चौकशी करतो का?" फेरी झाली की वहीत एक ओळ लिहायची आणि खाली सही. "एक्सचेंजमध्ये ज्याची सही, त्याची चूक. मग फट पाडणारा कुणी का असेना." हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी त्यांच्या तोंडाआधी म्हणायचो, नक्कल करत.

मी सोयी मात्र झपाट्याने बनवायचो. मालकांना प्रत्येक सोमवारी एक नवी सोय दाखवली नाही तर मला अन्न गोड लागायचं नाही. फोनवर थांबवून ठेवलेल्या माणसाला गणपतीची आरती ऐकवायची, ही माझीच कल्पना. कारखान्याचे अकाउंटंट आरती सुरू झाली की उठून उभे राहायचे, आणि आरती अर्धी तोडून कुणी बोलायला लागलं की त्यांना पाप वाटायचं. मग ते फोनच करेनासे झाले. दुसरी सोय "पाठलाग": मॅनेजर टेबलावर नसला तर फोन त्याच्या घरी वाजणार, तिथे नसला तर गेस्टहाऊसवर. एका दुपारी तो तिन्हीकडे नव्हता, आणि हे एकाच वेळी त्याच्या साहेबाला आणि बायकोला कळलं. काका म्हणाले, "कधी कधी माणसाला सापडायचं नसतं रे. तीही एक सोयच आहे."

आता धारची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथून आहे.

धारला माझ्यासाठी एक मुलगी बघितली होती. पसंती झाली होती, म्हणजे मी तिला पसंत केलं होतं आणि तिने मला चालवून घेतलं होतं. जुनं दरबारी घराणं. पणजोबा कारभारी होते, वडील बँकेतून निवृत्त. घरात अजून "आपण यावं, बसावं" असं मराठी. वडिलांनी एकच अट घातली: "नोकरी कायम झाल्याचं पत्र दाखवा, त्याच दिवशी साखरपुड्याची सुपारी फोडू." पत्र मालकांच्या हातात, आणि मालकांनी सांगितलेलं, कारखान्याचे मोठे साहेब येऊन सिस्टिम पास करतील, मग पत्र.

तोवर बोलायचं कसं? पीसीओतून बोलावं तर मागे चार माणसं रांगेत, आणि पीसीओवाला आपल्याकडे बघून खुसुखुसू हसतोय. म्हणून मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर सोय बनवली. तिने घरून धारच्या युनिटचा गावातलाच नंबर लावायचा, मशीन बोलायला लागलं की स्टार आणि सात दाबायचं, की इंटरनेटवरून थेट देवासला आणि तिथून देवासच्या कुठल्याही फोनवर. पासवर्ड ठेवला नाही. तिला पाठ करायला नको म्हणून, आणि स्टार सात कुणाला सुचणार आहे म्हणून. असा इंटरनेटवरचा कॉल गावच्या टेलिफोन लाइनीवर सोडायला तेव्हा सरकारी मनाई होती, पकडलं तर आमची कंपनीच बंद, हे मला ठाऊक होतं. पण मी प्रेमात होतो आणि माझ्याकडे डिप्लोमा होता.

"फक्त तुला सांगतोय," मी तिला म्हणालो.

त्या शनिवारी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन इंदूरला होतं. काका सकाळच्या बसची घाई करत ऑफिसात आले, वही उघडली आणि विचारलं, "फेरी झाली?"

"झाली, काका."

"कोणी केली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, मी म्हणजे कोण. ते म्हणाले, "बरं," आणि सही केली. त्या माणसाने आयुष्यात एकदाच नुसत्या "मी"वर कडी उघडली, आणि ती माझ्यासाठी.

तिने तिकडे धारला फक्त मावशीला सांगितलं होतं. मावशीची मुलगी देवासला दिलेली, तिला लेकीशी बोलायला मिळेना, जीव तुटायचा. मावशीने फक्त नणंदेला सांगितलं. आमच्या लोकांत सोय अशी लपवत नाहीत. हळदीकुंकवाला ओळीत बसलेल्या बायकांत एकीला कुंकू लावायचं आणि शेजारणीला वगळायचं, हे होतं का? धारमधल्या प्रत्येक मराठी घराचं एक तरी माणूस देवासला असतंच. चैत्र लागला होता. चैत्रगौरीची बोलावणी सुरू झाली होती.

मोठे साहेब आले ते नेमके त्या आठवड्यात. आमच्या सिस्टिमवर एका वेळी चारच संभाषणं मावत. साहेबांनी देवासच्या टेबलावरून धारचा नंबर लावला, लाइन बिझी. पुन्हा लावला, बिझी. मालकांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, "देख तो भिया, कौन बैठा है लाइन पे? स्पीकर पे ले."

मी घेतलं नाही. काकांनी घेतलं, त्यांना काय माहीत. स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "अगं, डाळ भिजत घातलीस ना? कैरी आंबट बघून घे हो, मागच्या वर्षी तुझी डाळ अगदीच अळणी झाली होती!"

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ये कौन सा डिपार्टमेंट है?"

दुसऱ्या लाइनीवर पन्हं चाललं होतं, तिसऱ्यावर कुणाच्या तरी सुनेचा स्वभाव. चौथ्या लाइनीवर एक गृहस्थ खर्जात विचारत होते की पंचांगात चतुर्थी कधी आहे.

मालकांनी काकांना आणि मला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. "ये दरवाज़ा किसने खोला?" ते ओरडले नाहीत, हळू विचारलं, म्हणून जास्त भीती वाटली. "सरकारी मामला है. लाइसेन्स का. किसने खोला?"

मला फक्त एक शब्द बोलायचा होता. तोच शब्द, जो मी रोज काकांच्या दारापुढे उभं राहून चुकीचा बोलायचो. डोळ्यांपुढे पत्र आलं, सुपारी आली, ती आली. मी टेबलावरच्या वायरी नीट लावायला लागलो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वही काढली, त्या शनिवारचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "यहाँ दस्तखत मेरे हैं," ते म्हणाले. "फेरी मी न करता सही केली. चूक माझी." माकडटोपी आणि ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली, वही तेवढी उचलली आणि गेले.

मी बाहेर येऊन स्टार सात बंद केलं, लाइन मोकळी झाली, आणि साहेबांना वाटलं, किती तत्पर मुलगा! मालकांनी त्यांना सांगितलं, पुराने ज़माने के आदमी थे, गलती हो गई. सिस्टिम पास झाली. आठ दिवसांत मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. त्यात माझ्या "जबाबदारीच्या जाणिवेचा" उल्लेख होता. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पत्र उशीखाली ठेवलं, आणि मला झोप लागेना, कारण उशी टोचायची.

काका मला काहीच बोलले नाहीत. एवढंच झालं की मला "कोण?" विचारणं त्यांनी सोडलं. मी घंटी वाजवली की कडी सरकायची आणि ते आत वळून निघून जायचे. पंधरा दिवस मला त्या घरात कुणी माझं नाव विचारलं नाही. यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या.

पत्राची बातमी धारला कळली आणि मुलीचे वडील देवासला आले. त्यांना बसस्टँडवरून आणलं, आणि घराजवळ आल्यावर त्यांना पुढे पाठवून मी कोपऱ्यावर कचोरी घ्यायला थांबलो. पुडा घेऊन पोचलो तर ते दारात उभे.

"कोण?" आतून.

मी डोळे मिटले. पण गृहस्थ खूश झाले! किती वर्षांनी कुणी नीट विचारलं होतं. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं, आजोबांचं, पणजोबा कारभारी होते तेही सांगितलं.

"कुणाकडे?"

"आपल्याकडेच."

"कशासाठी?"

"आपल्या भाडेकरूंना आमची कन्या देण्याचं योजलं आहे. चौकशीसाठी."

कडी सरकली, ते आत गेले, आणि काकांच्या सवयीप्रमाणे दार लगेच पुन्हा बंद झालं. मी पायरीवर. आतलं सगळं ऐकू येत होतं. पाणी झालं, चहाचं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "आपण रोज पाहता. खरं सांगावं. मुलगा विश्वासाचा आहे?"

काकू खोकल्या. माझ्या हातातल्या पुड्यातून तेल ओघळून मनगटापर्यंत आलं.

काकांची पावलं दारापाशी आली. पण कडी सरकली नाही.

"कोण?"

पंधरा दिवसांनी. मला रडूच यायला लागलं.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

काय काय सांगता आलं असतं! भाडेकरू. इंजिनिअर. कायम झालेला. होणारा जावई.

"चोर, काका."

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे."

"कशासाठी?"

"सही करायला."

कडी सरकली. "ये आत," ते म्हणाले. "आज ओळख पटली."

मी कचोऱ्या बाजूला ठेवून धारच्या पाहुण्यांसमोर सगळं सांगितलं: स्टार सात, "झाली, काका", आणि तो न बोललेला शब्द. मध्येच काकूंनी पाणी दिलं. पाहुणे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "चोरी कशासाठी केलीत?"

"आपल्या मुलीशी बोलायला."

ते घसा साफ करून म्हणाले, "मालाचे वाटेकरी आम्हीही आहोत. चतुर्थी विचारत होतो, तो मीच." आणि काकांकडे वळून, अगदी हळू, "तो नंबर बंद का पडला, हे मी आज विचारणारच होतो."

काका हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्या पानावर सगळं लिहून मी सही केली आणि सोमवारी वही घेऊन मालकांकडे गेलो. रस्त्यात तीनदा सायकल वळवली, तीनदा सरळ केली. मालकांनी पान वाचलं, पत्र परत मागितलं, आणि माझ्यासमोरच काकांना फोन लावला. पलीकडून काय विचारलं गेलं ते मला कळलं, कारण मालक खुर्चीत ताठ बसून आपलं पूर्ण नाव सांगायला लागले, वडिलांच्या नावासकट. काका दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात आले. मी दिवाळीपर्यंत बेकार होतो, आणि लग्न मार्गशीर्षात झालं, बेकार असतानाच ठरलेलं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. वही काकूंनी मला दिली. मी अजून टेलिफोनच्याच धंद्यात आहे, लोकांच्या सिस्टिममध्ये फटी शोधून देतो. तोंडावर रुमाल धरत नाही, पण मोह होतो.

परवा माझी मुलगी कपाट आवरत होती. ती हिंदी शाळेत शिकलेली, मराठी बोलते झकास, वाचताना अडखळते. तिने ते पान उघडलं. माझ्या सहीखाली काकांच्या हातची एक ओळ आहे, ती तिने बोट ठेवून, अक्षर लावत वाचली:

"फेरी पूर्ण. चोर घरचाच. आपण होऊन आला."

"पप्पा," ती म्हणाली, "हा चोर कोण?"

मी तिला पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.